विश्लेषण : जुन्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर बदलणे चैन की गरज?

गणपतीला गावी निघण्याआधी जुन्या गाडीचे ऑइल बदलले जाते, टायरमध्ये हवा भरली जाते, पीयूसीची तारीख पाहिली जाते. शॉकॲब्सॉर्बरकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ‘रस्तेच खराब, गाडी आदळणारच’ असे म्हणून विषय संपतो. हा प्रश्न केवळ कंबरेच्या आरामाचा नाही; तो ब्रेकचाही आहे.

शॉकॲब्सॉर्बर नेमके काय करतो?

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दाबली गेलेली स्प्रिंग उसळते आणि वर-खाली होत राहते. हे हेलकावे आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे, म्हणजेच डॅम्परचे. त्यातील पिस्टन तेलात सरकतो, तेल बारीक झडपांतून जाते आणि हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. सील झिजून तेल गळाले किंवा झडपा निकामी झाल्या, की चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. रस्त्यावरून उचललेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नाही आणि स्टीअरिंग वळवूनही नाही. एबीएसही टायरची पकड असेल तरच कामाला येते. सामान-माणसांनी भरलेल्या गाडीसाठी पावसाळ्यातील घाटात हे धोक्याचे ठरते.

बिघाड लक्षात का येत नाही?

झीज हळूहळू होते आणि चालकाला तिची सवय होत जाते. साधारण ८० हजार किलोमीटरनंतर तपासणी करावी, असे शॉकॲब्सॉर्बर बनवणारे सांगतात. खड्ड्यांच्या रस्त्यांवर ती आधीच करणे बरे. बाहेरून तेलाने ओला झालेला डॅम्पर, ब्रेक मारताच पुढे झुकणारे नाक, स्पीडब्रेकरनंतर थांबत नसलेले हेलकावे आणि टायरची उंच-सखल झीज ही प्रमुख लक्षणे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा हलली तर डॅम्पर गेला असे समजावे. मात्र या चाचणीत पास झालेला डॅम्पर चांगलाच असतो असे नाही. अर्धवट झिजलेला डॅम्पर त्यात सापडत नाही.

बदलताना काय पाहावे?

डॅम्पर नेहमी जोडीने बदलावेत, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एकच नवा बसवला तर डावी-उजवी बाजू वेगवेगळी वागते. वरचे माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचे कव्हर त्याच वेळी बदलल्यास पुन्हा मजुरी द्यावी लागत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र. तो खोलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे हे काम घरी करून पाहण्याचे नाही.

मेकॅनिककडेही दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. डॅम्परचा चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नये, कारण त्यावरचा ओरखडा नवे सील फाडतो. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावर आवळावेत. नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. पुढचे स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, अन्यथा नवे टायर एका बाजूने झिजतील.

‘तेल भरून’ दिलेला डॅम्पर चालेल का?

नळी खोलून किंवा भोक पाडून नवे तेल भरले, की काही दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटते. पण झिजलेल्या झडपा आणि सील तसेच राहतात. सीलबंद डॅम्परच्या बाबतीत ही बचत खोटी ठरते.

नियम काय सांगतो?

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. फिटनेस तपासणीचा प्रश्न पुनर्नोंदणीच्या वेळी येतो. पीयूसी फक्त धूर पाहते. म्हणजे दीड दशक चाकांची पकड तपासण्याची जबाबदारी मालकावरच राहते. जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकण्याइतकेच गाडीखाली वाकून पाहणेही गरजेचे आहे. म्युझिक सिस्टीम आणि सीट कव्हरसाठी मोकळा होणारा हात डॅम्परसाठी आखडता घेतला जातो. हा प्राधान्यक्रम बदलायला हवा.