स्पोर्ट्स कारचे स्पार्क प्लग कधी बदलायचे? फक्त ओडोमीटर पाहून ठरवू नका

‘एकच मालक, आठ वर्षे जुनी, फक्त १८ हजार किलोमीटर चाललेली.’ सेकंड हँड स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत असा मजकूर हमखास असतो आणि तो वाचून घेणारा खूशही होतो. स्पार्क प्लगच्या बाबतीत मात्र ही खुशखबर अर्धीच असते. ‘प्लग लाखभर किलोमीटर चालतात, काळजीच नको,’ असे विकणारा सांगतो. दुसऱ्या टोकाला काही गॅरेजवाले दर सर्व्हिसिंगला नवा संच बिलात लावतात. यात एक जण तुमचे इंजिन धोक्यात घालतो आणि दुसरा तुमचा खिसा कापतो. प्लग कधी बदलायचे हे एकट्या ओडोमीटरवर ठरवणे चूक आहे. गाडी कशी चालते आणि किती वर्षे उभी आहे, हेही पाहायला हवे.

प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा का?

शेवर्ले कॉर्वेटच्या पाचव्या पिढीसाठी कंपनीने प्लगची मुदत १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर दिली होती. अमेरिकेतील वेळापत्रकात माझदा एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीसाठी ७५ हजार मैल, तर सुबारू बीआरझेडसाठी ६० हजार मैल असा आकडा आहे. तिन्ही स्पोर्ट्स कारच, पण मुदत वेगवेगळी.

पहिले कारण धातू. साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते आणि ते साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरमध्ये झिजते. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम तब्बल २,४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक ०.४ मिलिमीटरइतके बारीक ठेवूनही बराच काळ टिकते. दुसरे कारण इंजिनची रचना. त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच खरा आणि तोही वरची मर्यादा म्हणून धरायचा.

किलोमीटर सारखे, ठिणग्या दुप्पट

प्लगला किलोमीटर कळत नाहीत, त्याला ठिणग्या कळतात. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने, २,००० आरपीएमवर गाडी चालली, तर एका किलोमीटरला एक मिनिट लागते आणि प्रत्येक प्लग १,००० ठिणग्या टाकतो. म्हणजे ६० हजार किलोमीटरला ६ कोटी.

आता हीच गाडी शहरातल्या कोंडीत घाला. सरासरी वेग ताशी २० किलोमीटर आणि सरासरी १,५०० आरपीएम धरले, तर एका किलोमीटरला तीन मिनिटे आणि २,२५० ठिणग्या लागतात. ओडोमीटर एकच आकडा दाखवतो, पण प्लगचे काम दुपटीहून जास्त झालेले असते. एक्स्प्रेस-वेवर फिरलेली आणि सिग्नलवर घुरघुरत उभी राहिलेली गाडी म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही.

टर्बो आणि ‘रीमॅप’ असेल तर?

टर्बो इंजिनमध्ये सिलिंडरमधला दाब जास्त असतो. दाब वाढला की तेवढ्याच अंतरावरून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. त्यातच टोक झिजून मधली फट वाढली, की इग्निशन कॉइलवर ताण येतो. म्हणूनच टर्बो गाड्यांचे प्लग लवकर बदलावे लागतात.

ईसीयू रीमॅप करून ताकद वाढवणाऱ्यांनी तर पुस्तिकेतला आकडा विसरावा, कारण तो मूळ ताकदीसाठी लिहिलेला असतो. वाढीव बूस्टसाठी अनेकदा एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग आणि थोडी कमी फट लागते. इथे एक गंमत लक्षात ठेवा. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमके उलटे. नुसता आकडा पाहून एका ब्रँडऐवजी दुसरा बसवला, तर पिस्टन भाजण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

गाडी फक्त रविवारी निघत असेल तर?

सर्वाधिक गैरसमज इथे आहे. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापले, की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. गाडी दाखवायला बाहेर काढली, दोन चौक फिरवली आणि परत झाकून ठेवली, तर टोक तेवढे तापतच नाही. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागते, त्यामुळे काजळी मात्र साचत जाते. शिवाय वर्षानुवर्षे न हललेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये घट्ट बसतो. पोर्शेसारख्या कंपन्या किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा देतात ती यासाठीच. दोन्हींपैकी जे आधी येईल ते पाळायचे.

उशीर केला तर काय बिघडते?

सुरुवातीला आयडलिंगला हलकी थरथर, वेग घेताना अडखळणे आणि मायलेजमध्ये घट जाणवते. पुढे मिसफायर होतो, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमध्ये जाते. तिथे ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. ‘चेक इंजिन’चा दिवा नुसता लागलेला असणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. कन्व्हर्टरच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतात.

उशिराचे टोकाचे उदाहरण फोर्ड मस्टँग जीटीचे. २००५ मध्ये आलेल्या पिढीच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनात दोन भाग जोडून केलेले लांब प्लग होते. कार्बन साचून ते अडकत आणि काढताना खालचा भाग तुटून हेडमध्येच राहत असे. तो काढायला खास अवजार लागे. साध्या देखभालीच्या कामाची अशी शस्त्रक्रिया झाली.

मग कधी बदलायचे?

- मूळ इंजिन, टर्बो नाही, महामार्गावरचा वापर जास्त: पुस्तिकेतल्या मुदतीपर्यंत थांबा.
- शहरातला वापर जास्त किंवा टर्बो: निम्म्या मुदतीला एक प्लग काढून फट मोजून घ्या आणि निर्णय घ्या.
- रीमॅप किंवा ट्रॅकवरचा वापर: निम्म्या मुदतीला बदलूनच टाका.
- क्वचित चालणारी गाडी: वर्षांची मर्यादा पाळा.
- सेकंड हँड गाडी, प्लग बदलल्याची नोंद नाही: घेतल्याबरोबर बदला.

काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिनची तब्येत ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट थर म्हणजे ऑइल आत येते आहे, आणि पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे प्लग अति तापतो आहे. शेवटच्या दोन्हींत नुसते प्लग बदलून भागत नाही.

बिलात काय मागायचे?

प्लग बदलणे सोपे काम, असे स्पोर्ट्स कारबद्दल म्हणता येत नाही. पोर्शे ९११ च्या १९८९ मध्ये आलेल्या ९६४ मॉडेलला सहा सिलिंडरना १२ प्लग आहेत. नव्या ९११ च्या काही मॉडेल्समध्ये प्लगपर्यंत पोहोचायला मागचा बंपर उतरवावा लागतो. मजुरी प्लगच्या किमतीहून जास्त होते ती त्यामुळे. तशी मजुरी घेणे गैर नाही. पण इतके उघडलेच आहे, तर नेमके काय बसवले हे ग्राहकाला कळलेच पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी मागायला लाजू नका. बिलावर ‘स्पार्क प्लग संच’ एवढेच नको, तर पूर्ण पार्ट नंबर आणि ओडोमीटरचा आकडा हवा. काम टॉर्क रेंचने झाले का, हे विचारा. गॅस्केट असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. अंदाजाने आवळले, तर आटे जातात. आणि जुने प्लग परत मागा. ते हातात आले, की खरोखर बदलले का आणि बदलायची गरज होती का, हे दोन्ही कळते. ते द्यायला जो गॅरेजवाला खळखळ करतो, त्याच्याकडे पुढची सर्व्हिसिंग करायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.