फ्रिजमधलं गुपित

पथ्यपाणी : साप्ताहिक स्तंभ

२०२५च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी आणि वर्ष सरता सरता ओझेम्पिक. तेव्हापासून वजन उतरवणाऱ्या या दर आठवड्याच्या सुयांवर एवढं छापून आलंय की कुठल्या नटाचे गाल किती आत गेले हेही आपल्याला पाठ झालंय. एक प्रश्न मात्र कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. एकत्र कुटुंबात हे औषध ठेवायचं कुठे?

थट्टा नाही. न उघडलेलं पेन किंवा बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठवूनही चालत नाही. काही दिवस बाहेर राहिली तरी चालते, पण तीही ३० अंशांच्या आत, आणि जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. म्हणजे फ्रिज आलाच. सराफ्यातल्या आमच्यासारख्या घरात फ्रिज कुणा एकाचा नसतो. सासूबाई विरजण बघायला उघडतात, मुलं थंड पाण्यासाठी, आणि दुकानातून वर आलेले दीर काहीच नको असताना. अशा फ्रिजात माझ्या धाकट्या जावेनं औषधाची पेटी कोकमाच्या डब्यामागे कित्येक आठवडे दडवली. ती सापडायच्या आधी आणि नंतर घरात जे झालं ते तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिची अट एकच: वजनाचा आकडा छापायचा नाही.

औषध सुरू झाल्यावर तिला मळमळ सुटली, मग उलट्या. या औषधांचा हा सर्वांत नेहमीचा त्रास, आणि डोस वाढवला की तो पुन्हा डोकं वर काढतो. पण सून उलट्या करायला लागली की आपल्याकडे निदान ठरलेलं. तिचा मुलगा दहावीला आहे, तरी समोरच्या मावशींनी सासूबाईंना ‘काही विशेष?’ असं विचारून घेतलंच. पुढे पोट दिसायच्या ऐवजी माणूसच आटायला लागलं तेव्हा निदान बदललं, आणि या वेळी ते कुणी तोंडानं उच्चारेना. सासूबाईंची थोरली बहीण अशीच झपाट्यानं उतरली होती. आतड्याचा कर्करोग निघाला तोवर उशीर झाला होता. सासूबाईंनी ग्वारीघाटावर नर्मदामैयाला नवस बोलला. दीर मध्यरात्री उठून मोबाइलवर वजन घटण्याची कारणं वाचत बसायचे. जावेला विचारलं तर म्हणायची, ‘काही नाही, भात सोडलाय.’

इतर मोहल्ल्यांत हे आणखी काही दिवस झाकून गेलं असतं. सराफ्यात अंग आटल्याचं आधी कारागिराला कळतं. तिच्या पाटल्या मनगटावरून कोपराकडे धावायला लागल्या, अंगठी भांडी घासताना मोरीत जाता जाता वाचली, म्हणून ती लहान करायला दिली. कारागीर अंगठीचा तुकडा कापतो, टाका मारतो आणि कापलेलं सोनं तोलून परत करतो. (तोळ्यानं लाखाचा आकडा ओलांडल्यापासून त्या अर्ध्या ग्रॅमात आठवड्याची एक सुई सहज निघते, हा हिशेब जावेनंच मला नंतर करून दाखवला.) त्या म्हाताऱ्या कारागिराच्या अनुभवात अंगठी मोठी करायला लोक येतात. लहान करायला येणारं माणूस बहुधा मोठ्या दुखण्यातून उठलेलं असतं. ‘भाभीजी की तबियत ठीक है ना?’ एवढंच त्यानं दिरांना विचारलं. दीर तिथेच रडले.

पेटी सापडल्यावर आधी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग सगळे तिच्यावर चिडले. मला दोन्ही समजतं. तिनं मात्र मला एकटीला गाठून जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं आहे. ‘ताई, मी औषध घेतेय असं नाही वाटत. कॉपी करून पास होतेय असं वाटतं.’

हे वाटणं आपण घरोघरी हातभार लावून तयार केलंय. काही वर्षांपूर्वी मराठी घरांत दोन तट पडले होते ते आठवा. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, थोडं थोडं दर काही तासांनी खा आणि तुपाला भिऊ नका. जबलपूरची मराठी मंडळी पुण्यामुंबईपासून कितीही लांब असली तरी या भांडणात मागे नव्हती. जावेनं आधी दीक्षित केलं, मग दिवेकर केलं, मग पहाटे भंवरताल उद्यानात फेऱ्या. दर वेळी वजन उतरलं, दर वेळी परत आलं, आणि दर वेळी घरानं निकाल दिला, ‘मनावर घेत नाही.’ या पद्धतींनी कुणाला गुण येत नाही असं मी म्हणत नाही. ज्याला येत नाही त्याला आपण आळशी ठरवतो, हे म्हणतेय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. शेजारी उभे आहेत ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन. दोघेही सडसडीत, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूसही आतून चरबी बाळगून असू शकतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा १९९०च्या दशकापासून केला आणि या चरबीची मुळं आईच्या पोटातल्या दिवसांपर्यंत नेऊन दाखवली. मन कितीही घट्ट केलं तरी आपल्या जन्माच्या आधीच्या नऊ महिन्यांवर ते चालत नाही.

औषध करतं काय? जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्शुलिनला हाक देतं, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतं. अडचण अशी की ते रक्तात दोन-चार मिनिटंच टिकतं. त्याच्यासारखंच पण टिकाऊ द्रव्य डॉ. जॉन एंग यांना सापडलं ते अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेच्या विषात. तिथून सुरू झालेल्या शोधाची आजची पायरी म्हणजे आठवडाभर पुरणारं सेमाग्लुटाइड (वेगोवी, ओझेम्पिक), आणि दोन संप्रेरकांचं काम करणारं टिर्झेपेटाइड (मौंजारो). २०२१च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, तर नुसतं पाणी टोचलेल्यांचं २.४ टक्के. चाचणी संपून औषध थांबल्यावर मात्र वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब वर जातो, त्याला कुणी कॉपी म्हणत नाही.

पैशाचं थोडक्यात. मौंजारो आलं तेव्हा सर्वांत लहान डोसची एक बाटली ३,५०० रुपये, म्हणजे चार आठवड्यांचे चौदा हजार. वेगोवीचा सुरुवातीचा महिना सतरा हजारांवर होता, पुढे त्याच वर्षी दर उतरवावे लागले. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत २०२६च्या मार्चपर्यंतचीच, म्हणून देशी कंपन्या कधीच्या तयारीत होत्या. स्वस्त झालेलं औषध आणखी घरांत आणखी डब्यांमागे जाणार. माझी काळजी तीच आहे.

मनाचं मात्र थोडक्यात होत नाही. वजनाच्या औषधांचा मनाशी जुना वाईट इतिहास आहे. रिमोनाबँट २००६ला युरोपात आलं, भूक मारायचं, पण माणसं खचायला लागली, आत्महत्येचे विचार यायला लागले. २००८च्या ऑक्टोबरात ते थांबवावं लागलं. म्हणून २०२३मध्ये आइसलँडहून नव्या औषधांबद्दल तशाच काही नोंदी आल्या तेव्हा युरोपच्या औषध नियंत्रकांनी लगेच छडा लावायला घेतला. एप्रिल २०२४ला त्यांनी सांगितलं की औषधामुळे असं होतं असा संबंध दिसत नाही. हे दिलासादायक आहे आणि मी ते मानते. तरीही औषध घेणाऱ्याच्या मनात काहीच होत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

आमच्या घरापासून कमानिया गेट चालत जायच्या अंतरावर. तिथलं बडकुल १८८९पासूनचं, खव्याची जिलबी त्यांचीच. जावेच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला त्या वर्षी ती दर संध्याकाळी तिथे जायची. पानभर जिलबी उभ्यानं खायची आणि मग घरी येऊन सगळ्यांचं वाढायची. औषध लागू पडल्यावर एकदा ती त्या दुकानासमोरून नुसती चालत गेली. काही वाटलंच नाही. ‘आनंद व्हायला हवा होता ना? मला वाटलं, आता रडू आलं तर जायचं कुठे.’ डोक्यात अष्टौप्रहर चालणारा खाण्याचा विचार गप्प झाला म्हणून सुटल्यासारखं वाटलेली माणसं पुष्कळ आहेत, तीही त्यांतलीच. पण जिथे ती दुःख घेऊन जायची तो दरवाजाही बंद झाला, आणि दुसरा उघडायला घरातल्या कुणाला माहीतच नव्हतं. वडिलांसारखं होऊ नये म्हणूनच तर ती सुई घेत होती. हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या १७,६०४ जास्त वजनाच्या माणसांवरच्या चाचणीत झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण सेमाग्लुटाइडनं आठ टक्क्यांवरून साडेसहावर आणलं. तिला स्वतःला हृदयविकार नाही, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तिला लागू नाही, हे तिच्या डॉक्टरांनी तिला समजावलं. भीती आकड्यांनी जात नाही, हेही खरं.

आता घराला का कळायला हवं ते. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना ही सुई घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तेव्हा तोंडात साखर घालणारं माणूस शेजारी हवं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्याला सांगायलाच हवं, कारण उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असतं आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अपघातात रुग्ण स्वतः सांगणार आहे का? टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड आधी दोन महिने थांबवायचं असतं. ही नवऱ्यापासून लपवायची गोष्ट आहे? आणि नवरात्र. सुनरहाईच्या देवीचे, आमच्या ‘नगर सेठानी’चे, नऊ दिवस निव्वळ पाण्यावर काढणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आहेत. उलट्या, भूक नाही, त्यात कडक उपास, आणि सासूला पत्ता नाही. मूत्रपिंडाला नवस कळत नाहीत.

पण गुपितं एकट्या सुनेचीच नव्हती. सुई सुरू करण्याआधी डॉक्टर विचारतात, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग होता का? असेल तर हे औषध द्यायचं नाही, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत त्या पेशींच्या गाठी दिसल्या होत्या. हा कर्करोग दुर्मिळ, पण त्याचे साधारण चौथाई रुग्ण आनुवंशिक. जावेनं ‘नाही’ म्हणून सांगून टाकलं होतं. पेटी सापडल्यावर तिची आई फोनवर सहज बोलून गेली की नागपूरच्या आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कसलं? ‘ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही गं, तुझं स्थळ बघत होते ना.’

इतकी वर्षं एका लग्नासाठी झाकलेली गाठ. तिचा कागद नागपूरच्या ट्रंकेतून निघेपर्यंत डॉक्टरांनी सुई थांबवली होती. गाठ साधी निघाली. मुलींची लग्नं व्हावीत म्हणून आपण आत्यांचे गळे, काकांची फिट, आजीचं वेड असं सगळं पुरून ठेवतो. मग त्याच मुली चाळिशीला डॉक्टरसमोर बसून अंदाजे ‘नाही’ म्हणतात. जावेनं पेटी लपवली म्हणून चिडणाऱ्या थोरांनी आधी आपल्या ट्रंका उघडाव्यात असं मी सासूबाईंसमोरच म्हटलं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तो परवडला.

हे औषध सगळ्यांनी घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. दोन महिन्यांवर लग्न आहे म्हणून चार-पाच किलोंसाठी सुई मागणाऱ्या नवऱ्या मुलींना सरळ परत पाठवावं. साठीपुढच्यांचं वजन उतरताना स्नायूही उतरतात. त्यांना डाळ, दही, अंडी आणि हातापायाला वजनाचा व्यायाम न सांगता सुई देणाऱ्या डॉक्टरला जाब विचारावा. १९५४च्या कायद्यानुसार लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला या देशात बंदी आहे, तरी ‘महिन्यात दहा किलो’ची पत्रकं कुठल्याही चौकात वाऱ्यावर उडताना दिसतील. ज्याला खरंच गरज आहे त्यानं मात्र डॉक्टरच्या हाताखाली, घराला सांगून घ्यावं. आणि घरानं ऐकल्यावर दोन महिने तरी ‘किती वाळलीस’ आणि ‘आता छान दिसतेस’ यांतलं काहीच म्हणू नये. दुसरं वाक्य जास्त लागतं, कारण आधीचं काय होतं ते त्यात येतं.

आमच्याकडे आता एक वही आहे. पहिली पानं जावेच्या माहेरची, पुढची आमची: कुणाला काय, कितव्या वर्षी, कुठली गोळी. सासूबाईंनी बहिणीचं आतडं स्वतः लिहिलं, आणि स्वतःची तपासणी करून घ्यायला तयार झाल्या. पेटी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात उघडी असते आणि दर आठवड्याला सुईची आठवण दीर करतात. वही आमच्या नानाकाकांच्या हाती लागली तेव्हा त्यांनी आपल्या मूळव्याधीची तीन पानी हकीगत तीत उतरवून काढली. ती कुणीही विचारली नव्हती.