पिजदुऱ्याचे दगड आणि पदवीची निवड

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने उत्क्रांतिशास्त्राचे नाव काढले, की ‘पेढीला याचा काय उपयोग?’ असा प्रश्न घरात उमटतो. त्याचे उत्तर वरोरा परिसरातच आहे.

वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे होत. वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. डायनोसॉरच्या काळीही गवताचे अनेक प्रकार होते, हे त्यांनी 2005 साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. आपण ज्यांचा व्यापार करतो ते तांदूळ आणि ज्वारी ही त्याच गवत-कुळाची धान्ये होत.

या शोधासाठी भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांना एकत्र यावे लागले. उत्क्रांतीचा अभ्यास मुळातच अनेक विषयांच्या भागीदारीचा आहे.

ही केवळ पुरातन कथाही नव्हे. बीटी कापूस देशात 2002 साली आला. त्याच्या विषाला तग धरणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला. शेतकऱ्याचे पीक गेले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषय निवडण्याची वाट खुली झाली आहे. महाविद्यालयात कोणते विषय उपलब्ध आहेत, याची प्रवेशापूर्वी चौकशी करावी. पाल्याच्या जिज्ञासेस नकार देण्यापूर्वी पालकांनी एवढे अवश्य करावे.