पुसून टाकायचं बटण

मागच्या महिन्यात यूपीआयच्या फसवणुकीबद्दल लिहिलं, तेव्हा एका भाच्याने विचारलं, "मामा, दरवेळी दुसऱ्यांच्याच चुका का सांगतोस?" मुद्दा बरोबर आहे. या वेळी माझी.

दांडिया बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं लहानसं मराठी ग्रंथालय आहे. एक खोली, भिंतीला लागून कपाटं, खिडकीशी टेबल आणि टेबलामागे काकू. लहानपणी चांदोबा आणि किशोर मी त्यांच्याच हातून घेतले. 2021 च्या पावसाळ्यात ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा वाचक फार कमी झाले होते. आजी-आजोबा मंडळी जिना चढायला कचरत होती, आणि तरुणांना तो जिना कुठे आहे हेच माहीत नव्हतं. काकूंनी मला बोलावून घेतलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? मला शिकव. व्हॉट्सॲप येतं, पुढचं शिकव."

शिकवायचं कसं, यासाठी माझ्याकडे एक नमुना होता. 2006 मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवीस गोष्टींचा एक कार्यक्रम आखला होता. नऊ आठवडे, स्वतःच्या गतीने, खेळत खेळत शिकायचं: फोटो चढवणं, विकी वापरणं, ऑनलाइन कागदपत्रं हाताळणं. पूर्ण करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर बक्षीस. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी हा कार्यक्रम उचलला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला प्लेअर नको. सेव उसळ खाऊ घाल."

आपल्या वडोदऱ्याला हे नवीन नाही खरं तर. ग्रंथालय कसं चालवायचं हे शिकवायला सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणलं, पुढच्याच वर्षी इथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी या रविवारी जाऊन या, नाहीतर कळवू नका वडोदऱ्याचे आहोत म्हणून.

तर शिकवणी सुरू झाली. आठवड्याला एक गोष्ट, शनिवारी संध्याकाळी. कव्हरचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं पहिल्याच दिवशी जमलं. बोलून टाइप करणंही. फेसबुक त्यांना आवडलं नाही, "सगळे एकाच वेळी बोलतात, ऐकत कोणी नाही." मग मी दाखल नोंदवहीवरून गूगल शीट बनवली. साडेतीन हजार पुस्तकं, अर्धी मी टाइप केली, अर्धी काकूंनी.

पहिला धडा मलाच मिळाला. एका मुलाने 'वाऱ्यावरची वरात' शोधलं, शीट म्हणाली नाही. काकू उठल्या, कपाटातून पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचं कारण असं की 'ऱ्य' डोळ्यांना एकच दिसत असला तरी संगणकात तो दोन प्रकारे साठवता येतो. एकात खाली नुक्ता असलेला 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. माझा कीबोर्ड एक प्रकार लिहीत होता, त्या मुलाचा फोन दुसरा. मी म्हणालो, सगळं एकसारखं करणारा प्रोग्रॅम लिहितो. काकू म्हणाल्या, "लिही. पण तोवर 'पाहा' घाल की."

जुन्या कार्ड-तालिकेत अशी कार्डं असायची. 'कुसुमाग्रज : पाहा शिरवाडकर वि. वा.' 'ग्रेस : पाहा गोडघाटे माणिक.' वाचक ज्या नावाने येईल त्या नावाला एक दार ठेवायचं. काकूंनी शीटमध्ये एक रकाना वाढवला, 'असंही शोधतात', आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका, दोन्ही 'ऱ्य', इंग्रजी अक्षरांतली नावं, सगळं भरलं. तुम्ही पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत शोधता हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. माझा प्रोग्रॅम अजून अर्धवट आहे.

आता चूक.

शीटमध्ये मी आणखी चार रकाने केले होते: पुस्तक कोणाकडे, कधी नेलं, कधी परत आणायचं, आधी कोणी कोणी वाचलंय. मला वाटलं, किती सोयीचं! आपल्याला हवं ते पुस्तक कोणाकडे आहे हे घरबसल्या कळेल, आणि वर्षभराची माहिती साठली की 'तुम्हाला हेही आवडेल' असं सुचवता येईल. आमच्या धंद्यात हीच सवय लागते, काही टाकायचं नाही, पुढेमागे उपयोगी पडेल. लिंक मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. दोनशेच्या वर माणसं त्या ग्रुपमध्ये. काकूंना विचारलं नाही, त्या दिवशी त्या एका लग्नाला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गृहस्थांनी शीटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. एका ओळीभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, "हल्लीच्या सुना काय वाचतात बघा," आणि तीन हसरे चेहरे. ओळीत आमच्याच एका सभासद ताईचं नाव होतं. पुस्तकाचा विषय इथे लिहीत नाही. लिहिला तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल. एवढंच सांगतो की तिच्या सासरची चार माणसं त्याच ग्रुपमध्ये होती.

मी दहा मिनिटांत लिंक बंद केली. स्क्रीनशॉट बंद करता येत नाही. चौथ्या दिवशी एका शाळकरी मुलाच्या हाती पिशवीतून पुस्तक परत आलं. सोबत तिचं दुसरं तिकीटही होतं.

काकू मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचा लाकडी ट्रे पुढे ओढला. लहानपणापासून तो पाहत आलोय, पण कधी नीट पाहिला नव्हता. आमच्याकडे अजून ब्राउन पद्धत चालते. प्रत्येक सभासदाला नावाची दोन तिकिटं, खिशासारखी. प्रत्येक पुस्तकात त्याचं एक कार्ड. पुस्तक नेलं की कार्ड तिकिटाच्या खिशात जातं आणि परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये उभं राहतं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात. काकूंनी दोन्ही हात एकमेकांपासून दूर करून दाखवले. "झालं. आता सांग, हे कोणी वाचलं?"

सांगता येत नव्हतं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी या पद्धतीला मागासलेली समजत होतो.

"तुझ्या त्या शीटमध्ये पुसून टाकायचं बटण कुठंय?" त्यांनी विचारलं. मी चारही रकाने निवडून डिलीट केले, जरा अभिमानानेच. पुढच्या शनिवारी गेलो तर काकूंनी चष्मा सरकवून स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आणि मग हे काय?" फाइलच्या मेनूत बोट घालत घालत त्यांनी जुन्या आवृत्त्यांचा इतिहास शोधून काढला होता. तारीख, वेळ, आणि पुसलेली सगळी नावं जागच्या जागी. ज्याला ज्याला शीटमध्ये बदल करायची परवानगी होती, त्याला हे दिसत होतं. मंडळातल्या पाच जणांना मी ती दिली होती. हा धडा मी शिकवलेला नव्हता.

मग आम्ही पुस्तकांची नावं नव्या कोऱ्या शीटमध्ये उतरवली आणि जुनी फाइल कचऱ्यातूनही काढून टाकली. नव्या यादीत लेखक, नाव, कपाट, 'असंही शोधतात' आणि एकच शब्द: 'आहे' किंवा 'बाहेर'. कोणाकडे आहे ते फक्त ट्रेला माहीत. यादी सगळ्यांना दिसते, बदल फक्त काकू करतात. मलासुद्धा परवानगी नाही, मीच मागितली नाही. ग्रुपवर काकूंनी स्वतः बोलून टाइप केलेला निरोप टाकला: चूक ग्रंथालयाची होती, ज्यांनी चित्र टाकलं त्यांनी ते काढावं आणि तिकीट घेऊन मला भेटावं. गृहस्थांनी चित्र काढलं. भेटायला अजून आलेले नाहीत. त्या ताईंना मी फोन केला, माफी मागितली. त्या "ठीक आहे" म्हणाल्या. ठीक नव्हतं, ते आवाजात कळत होतं.

काकूंनी आणखी एक गोष्ट केली. ग्रुपवर मागणी लिहायची नाही, सरळ त्यांच्या नंबरवर लिहायची, आणि निरोप चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होतील अशी सोय त्यांनी चालू केली. ती सोय असते हेसुद्धा त्यांनीच मला दाखवलं. यंदा सभासद थोडे वाढलेत, तरुण जास्त. जिना तोच आहे.

मागच्या शनिवारी बसलो होतो, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, उठल्या, कपाटातून एक पुस्तक काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग खणातून दोन जुनी तिकिटं काढली. त्यातल्या एकात कार्ड सरकवून ट्रेमध्ये उभं केलं. तिकिटावरचं नाव मी ओळखलं.

"कुठलं पुस्तक मागितलं?" मी विचारलं.

काकूंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "सेव उसळ आणतोस ना?"