पट्टा किंचाळतोय? त्याला गप्प करू नका



आज स्वयंपाकघरातून थेट गाडीच्या बॉनेटखाली जायचंय. नाकं मुरडू नका. मिक्सरचा आवाज जरा बदलला, तर भांडं नीट बसलेलं नाही की पातं सैल झालंय, हे आपण बाहेरच्या खोलीतून सांगतो. कुकरची शिट्टी अडकली की हातातलं काम टाकून धावतो. मग त्याच कानांना गाडीतलं काही कळत नाही, असं आपण का धरून बसलोय? माझं मत सरळ आहे. जी बाई गाडी चालवते, तिला गाडीच्या आवाजाचं कारण शोधता आलं पाहिजे. दुरुस्ती मेकॅनिक करेल, पण दुखतंय कुठं हे सांगणं आपलं काम आहे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. कसं आलं ते सांगते.

आमच्याकडे मामंजींनी २००६ साली घेतलेली मारुती ८०० आहे. ते गेल्यापासून ती मीच चालवते. सासूबाईंना बस्तीत नेणं, दवाखाना, बाजार, सगळं तिच्यावरच. मागच्या हिवाळ्यात ती सकाळी सुरू केली की किंचाळायला लागली. सगळी गल्ली जागी व्हावी असा आवाज. बस्तीसमोर गाडी लावताना बायका वळून बघायच्या, मला लाज वाटायची. जवळच्या गॅरेजमधल्या पोरानं बॉनेट उघडलं आणि फिरत्या पट्ट्याला साबणाची वडी लावली. आवाज बंद! "काय न्हाई ओ वहिनी, पट्टा वाळलाय नुसता," म्हणाला. आठ दिवसांनी पुन्हा आवाज, पुन्हा साबण. महिनाभर हेच चाललं, आणि मी खूश होते, कारण आवाज येत नव्हता.

जानेवारीत सासूबाईंना घेऊन कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला गेले. परतताना पाचच्या सुमारास बॉनेटखाली फटकन आवाज झाला आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. मला वाटलं, बॅटरीचंच काहीतरी असेल, घरापर्यंत जाईल. थोड्या वेळात तापमानाचा काटा चढला. मागून मोटारसायकलवर आलेले एक शेतकरीदादा हात करून ओरडले, "ओ ताई, थांबवा! वाफ यायला लागलीय बघा!" थांबले. पट्टा तुटून लोंबत होता.

जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. वय चौऱ्याहत्तर, संध्याकाळच्या जेवणाबरोबर रक्तदाबाची गोळी. बाटलीतलं गाळलेलं पाणी दुपारीच संपलं होतं. पट्टा मिळून, बसवून घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. ना जेवण, ना पाणी, ना गोळी. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "असू दे पोरी, उद्या सूर्य उगवतोच की." त्या रात्री दर तासाला उठून मी त्यांना बघत होते. दोष गाडीचा नव्हता. ती महिनाभर ओरडून सांगत होती आणि मी तिच्या तोंडाला साबण लावत होते.

त्यानंतर मी शिकले. आधी हे समजून घ्या की तो पट्टा करतो काय.

इंजिन फिरतं तेव्हा त्याच्या पुढच्या पुलीवरून एक रबरी पट्टा अल्टरनेटरला फिरवतो. अल्टरनेटर म्हणजे गाडीतलं छोटं वीजघर. बॅटरी फक्त गाडी सुरू करायला. एकदा सुरू झाली की दिवे, वायपर, हॉर्न या सगळ्यांना वीज तोच देतो आणि बॅटरीही भरतो. आमच्या गाडीत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच. मेकॅनिक त्याला अजून 'फॅन बेल्ट' म्हणतात, जरी आमच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो. म्हणून पट्टा तुटला की आधी लाल दिवा आणि मग काटा वर. असं झालं तर घर कितीही जवळ असो, गाडी बाजूला घेऊन बंद करायची. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

पट्टा किंचाळतो कारण तो पुलीवर घसरतो. भिजलेल्या फरशीवर रबरी चप्पल घसरताना करते तसाच. घसरला की तापतो, तापला की त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते, गुळगुळीत झाला की आणखी घसरतो. साबण, मेणबत्ती, तेल, फवारा यांनी हे चक्र थांबत नाही, फक्त ऐकू यायचं बंद होतं. तेल तर रबर खराबच करतं.

आता तपासणी. याला दहा मिनिटं लागतात आणि एक वही लागते.

पहिलं, आवाज केव्हा येतो ते लिहा. सकाळी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं येऊन थांबतो? रात्रभर गाडी उभी राहिली की सुरू करताना बॅटरीची बरीच वीज खर्ची पडते. ती भरून काढायला अल्टरनेटरला जोर लावावा लागतो, आणि सैल पट्टा तेवढा जोर पेलू शकत नाही. गाडी उभी असताना हेडलाइट आणि काचेचा वायपर लावून बघा. आवाज वाढला तर संशय पक्का. पावसाळ्यात दमटपणामुळे पहिले काही क्षण आवाज येऊन कायमचा थांबत असेल, तर एवढी काळजी नको, पण नजर ठेवा.

दुसरं, आवाज कसला आहे? लांबलचक किंचाळी म्हणजे बहुधा पट्टा घसरतोय. चिमणीसारखी ठरावीक लयीत चिवचिव असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा एखादी पुली झिजलीय. जात्यासारखी घरघर असेल, तर अल्टरनेटरचं किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जात आलंय. घरघर असेल तर पट्टा बदलून काही होणार नाही.

तिसरं, इंजिन बंद करून, किल्ली काढून, गाडी थंड झाल्यावर बॅटरीच्या उजेडात पट्टा बघा. आडव्या भेगा, सुटलेले दोरे, चकाकणारी कड, तेलाचे किंवा पाण्याचे डाग. डाग असतील तर ते आले कुठून हे आधी शोधायचं, नाहीतर नवा पट्टाही आठवड्यात तसाच होईल. मग दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्यानं जोरात दाबा. साधारण एक सेंटिमीटरच्या आतबाहेर दबला तर ठीक. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. बराच खाली गेला तर सैल. जागचा हललाच नाही तर फार घट्ट.

चौथी, पाण्याची युक्ती. इंजिन सुरू ठेवून, हात लांब ठेवून, इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो त्या फवाऱ्यानं पट्ट्यावर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर पट्टा सैल. क्षणभर थांबून पुन्हा तसाच सुरू झाला तर पुलीची रेषा तपासायला सांगा. हा अंदाज आहे, निकाल नाही. पण मेकॅनिकला सांगायला पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, लोंबतं मंगळसूत्र काही न्यायचं नाही. पदर खोचा, वेणी आत टाका. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप फिरू लागतो, म्हणून त्याच्याजवळ बोट नको. आणि फिरत्या पट्ट्याला हात लावून बघायचं धाडस कोणीच करायचं नाही, मेकॅनिकनंही नाही.

याचा उपयोग झाला का? झाला. नवा पट्टा बसवल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा किंचाळी सुरू झाली. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "अल्टरनेटर गेलाय, बदलावा लागेल." आकडा ऐकून यांनी गाडीच विकून टाकू म्हटलं. मी वही काढली. फक्त सकाळी, हेडलाइट लावले की जास्त, घरघर अजिबात नाही, अंगठ्यानं दाबला तर खूपच खाली जातो. गाडी चालू असताना बॅटरीवर मीटर लावून घेतलं तर चौदा व्होल्ट. उभ्या गाडीत बॅटरी साडेबाराच्या आसपास असते. चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा दिसतात म्हणजे अल्टरनेटर काम करतोय. मग तो गेला कसा?

ती वही घेऊन मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. ते हसले. म्हणाले, "वहिनी, निदान तुम्हीच केलंय, मी नुसता पाना फिरवतो." नवा पट्टा थोडे दिवस चालला की ताणून सैल होतो, तो पुन्हा ओढून घ्यावा लागतो. रस्त्यात बसवून दिलेला तो कोणी पुन्हा बघितलाच नव्हता. त्यांनी अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, तो जरा बाहेर ओढला, पुन्हा आवळला. पाव तासाचं काम. मी म्हटलं, आणखी घट्ट करा, परत कटकट नको. तर म्हणाले, "नको. फार आवळला की आवाज जाईल, पण बेअरिंगचा जीव जाईल." तेव्हापासून घरातही कोणाला फार आवळायला गेले की मला ते वाक्य आठवतं.

आता काही मैत्रिणी म्हणतील, आम्हाला काय करायचंय, घरात पुरुष आहेत, फोन केला की मेकॅनिक येतो. येतो, खरं आहे. पण रस्त्यात सूर्य मावळत असताना गाडीत तुम्ही असता आणि तुमच्या मागे तुमची सासू किंवा तुमचं लेकरू असतं. शिवाय काही न बघता जाणाऱ्या माणसाला जे सांगतील ते ऐकावं लागतं. सगळे मेकॅनिक फसवतात असं मी म्हणत नाही. मला खरं सांगणाराही मेकॅनिकच होता. पण त्याला खरं सांगता यावं इतपत माहिती मी नेली होती.

काही जणी म्हणतील, इतकी जुनी गाडी ठेवायचीच कशाला? ज्या गाडीचं काम पाव तासात होतं, ती एका आवाजासाठी टाकून नवी घरात आणायची? गरजेपेक्षा जास्त साठवू नये असं आपण ऐकतो, मुलांना सांगतो. आहे त्याची नीट निगा राखणं हा त्याचाच घरगुती अर्थ आहे, असं मला वाटतं.

मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, धान्य निवडायला बसण्याआधी, बॉनेट उघडते. पट्टा बघते, अंगठ्यानं दाबते, तेल आणि पाणी बघते. सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि टॉर्च धरतात. गेल्या महिन्यात त्यांनीच विचारलं, "काय गं, आज चिमणी नाही ना?" नव्हती. पण असती तरी आता आम्ही तिला साबण लावला नसता.

तुमच्या गाडीत असा एखादा आवाज असेल, तर या रविवारी दहा मिनिटं काढा, आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा. आणि लांब निघताना गाळलेल्या पाण्याची एक बाटली जास्तीची ठेवा. ते मी त्या संध्याकाळपासून कधीच विसरलेले नाही.