कायद्याला जोड पर्यावरणाची

नेर तालुक्याची शेती मुख्यत्वे कापूस, सोयाबीन आणि तुरीची. पावसाळा सरत आला की कापसावर फवारणीचे दिवस येतात आणि यवतमाळ जिल्ह्याला २०१७ सालाची आठवण होते. त्या वर्षी फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. चौकशी झाली, मदत जाहीर झाली. परंतु जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पुढे येताच एक मोठी उणीव उघडी पडली.

अंगावर पडलेले द्रावण नेमके कोणत्या औषधाचे होते, दोन औषधे एकत्र मिसळली होती काय, रक्तात त्याचा अंश किती काळ सापडतो, हे प्रश्न विज्ञानाचे. विक्रेत्याजवळ परवाना होता काय, डब्यावरील सूचना मजुराला वाचता येतील अशा होत्या काय, नुकसानभरपाई कोणाकडून व कोणत्या न्यायालयात मागावी, हे प्रश्न कायद्याचे. पहिल्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत, तर दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे न्यायालयात टिकत नाहीत. पुढे २०२० मध्ये दोन मृतांच्या पत्नी आणि एक बाधित शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने आरोप नाकारले. तेथेही वादाचा गाभा हाच की, त्या दिवशी शेतात नेमके कोणते औषध फवारले गेले होते.

२०१७ सालचीच आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्य शासनाने यवतमाळ व शेजारच्या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांवर बंदी घातली, ती ६० दिवसांपुरती. साठच दिवस का, असा प्रश्न अनेकांना पडला. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २७ नुसार राज्याला चौकशी होईपर्यंत सुरुवातीला एवढीच मुदत देता येते; चौकशी अपुरी राहिल्यास ती फार तर आणखी ३० दिवस वाढवता येते. कायमच्या बंदीचा अधिकार केंद्राकडे आहे. औषधाचे गुणदोष जाणणाऱ्या कृषी पदवीधराला हे कलम सहसा ठाऊक नसते आणि कलम ठाऊक असणाऱ्या वकिलाला औषधाचे गुणदोष ठाऊक नसतात. या दोहोंच्या मध्ये उभी राहू शकेल अशी माणसे तयार करणे, हेच कायदा आणि पर्यावरण व्यवस्थापन या दोन विद्या जोडीने शिकण्याचे प्रयोजन होय.

आपल्या न्यायव्यवस्थेने ही गरज केव्हाच ओळखली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची रचनाच तशी आहे. तेथे न्यायिक सदस्याबरोबर पर्यावरणाचा तज्ज्ञ सदस्य न्यायासनावर बसतो आणि दोघे मिळून निर्णय देतात. महाराष्ट्रासाठी या न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे. पाणी, हवा, वनसंवर्धन, जैवविविधता अशा विषयांवरील सात कायद्यांखालील वाद तेथे नेता येतात. वाद उद्भवल्यापासून सामान्यतः सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. मात्र कीटकनाशक अधिनियम किंवा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हे त्या सातांत नाहीत. फवारणीचे बळी आणि वाघ-मानव संघर्ष या दोन्ही गोष्टी सोसलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात कोणती तक्रार कोणत्या दारी न्यावी, हे सांगणारा जाणकार म्हणूनच मोलाचा ठरतो.

असा जाणकार महानगरांतच हवा, असे मानण्याचे कारण नाही. पर्यावरण कायद्यातील एक मूलभूत निवाडा रतलाम या मध्यप्रदेशातील गावच्या गटारांवरून झाला. उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांनी त्रस्त झालेले वर्धीचंद आणि इतर रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९८० रोजी ते फेटाळले. सार्वजनिक आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि निधीचा अभाव ही सबब त्यातून सुटका देत नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले. रहिवाशांनी आधार घेतला होता तो सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासंबंधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ चा. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. नगरपरिषद असलेल्या नेरसारख्या प्रत्येक गावाला हा निवाडा लागू पडतो. गटाराचा नकाशा वाचता येणारा आणि हे कलम ठाऊक असलेला एखादा तरुण गावात असला, तरी पुष्कळ काही साधते.

आता प्रश्न उरतो तो शिकावे कसे, याचा. येथे पालकांनी विशेष सावध राहणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. ती बातमी वाचून, एकीकडे विधी महाविद्यालय आणि दुसरीकडे पर्यावरण शास्त्राची नियमित पदवी असे दोन्ही प्रवेश घ्यावेत, असा विचार अनेक घरांत होतो. परंतु आयोगाची ती मुभा व्यावसायिक परिषदांच्या नियमांच्या अधीन आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील नियम ६ नुसार कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. अपवाद दोनच : भाषा वा संगणक यांचे अल्प मुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर अंतिम गुणपत्रिका व पदवी देण्यापूर्वी याबाबतचे घोषणापत्र विद्यार्थ्याकडून घेण्यास सांगितले आहे. दोन नियमित पदव्यांच्या मोहात वकिलीची सनदच धोक्यात यावी, याहून मोठे नुकसान कोणते?

नियमांच्या चौकटीत मात्र तीन वाटा मोकळ्या आहेत.

पहिली वाट क्रमाची. आधी विज्ञान शाखेची पदवी, शक्य असल्यास पर्यावरणशास्त्र हा विषय घेऊन, आणि नंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम. त्यासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आवश्यक असते. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला हीच वाट बहुधा सर्वांत सोयीची. पदवीची तीन वर्षे घराजवळ काढता येतात आणि निर्णय पक्का करण्यास अवधीही मिळतो.

दुसरी वाट जोडअभ्यासाची. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाबरोबर दूरशिक्षणाने पर्यावरणाची पदविका घ्यावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पर्यावरण व शाश्वत विकास या विषयाची पदव्युत्तर पदविका आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पर्यावरण कायद्याची पदविका ही त्याची उदाहरणे. दोहोंना आधीची पदवी लागते. म्हणून बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास गेलेल्या विद्यार्थ्याने पदवी हाती पडेपर्यंत थांबावे. तिसरी वाट एकात्मिक पदवीची. काही विद्यापीठांत विज्ञान व कायदा असा पाच वर्षांचा एकच अभ्यासक्रम असतो आणि तो एकच प्रवेश मानला जातो.

उलट मार्ग मात्र बंद आहे. वकिलीसाठी लागणारी कायद्याची पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही. प्रत्येक विषयास ७० टक्के उपस्थिती लागते. यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेरहून ये-जा करणाऱ्याने तो रोजचा प्रवास गृहीत धरूनच बेत आखावा.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. शैक्षणिक कर्जाला साधारणतः साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर सुमारे एक वर्षाने सुरू होतात. नेमकी तीच वर्षे नवोदित वकिलाच्या तुटपुंज्या मिळकतीची असतात. शिक्षण चालू असताना व्याज चढतच राहते. ते दरमहा भरत गेल्यास पुढचा भार हलका होतो. काही बँका त्यासाठी व्याजदरात सवलतही देतात. जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. म्हणून नामांकित परंतु महागड्या खासगी संस्थेची निवड करताना, पहिल्या तीन वर्षांचे हप्ते कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर घरात बसून प्रामाणिकपणे शोधावे.

शिक्षणानंतरचे काम केवळ न्यायालयातले नाही. जिनिंग, डाळ मिल, तेलगिरणी यांसारख्या उद्योगांच्या मागे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचे व तिच्या नूतनीकरणाचे काम असते. कर्ज मंजूर करताना बँकाही ही संमतिपत्रे पाहतात. कोळसा खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. याच जिल्ह्यातील वणी परिसराने कोळसा खाणी जवळून पाहिल्या आहेत. तो सारांश वाचून गावकऱ्यांना त्याचा अर्थ उलगडून सांगणे आणि हरकत योग्य शब्दांत लिहून देणे, हे दोन्ही विद्या जाणणाऱ्याचे काम आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्या नोंदवहीलाही जाणकार हात हवेच असतात.

या क्षेत्रात पैसा सावकाश येतो, हे मुलामुलींना आधीच सांगितलेले चांगले. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी नियम ६ वाचावा, दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे काय ते तपासावे आणि एखाद्या अनुभवी वकिलाबरोबर दोन-चार दिवस न्यायालयात बसून यावे. एवढे करूनही ज्याचे मन या वाटेवर ठरेल, त्याला घरच्यांनी अडवू नये. पुढच्या एखाद्या फवारणीच्या हंगामात कोणा मजुराला भोवळ आली, तर औषधाचा डबा जपून ठेवा, तपासणीचा कागद मागून घ्या आणि अमुक कार्यालयात तमुक मुदतीत अर्ज करा, असे सांगणारा माणूस तालुक्यातच असेल.