गोफण आणि गुरुत्वगोळा

यंदाच्या संक्रांतीला नातू पुण्याहून पालमला आला, तो मोबाइलमधलं एक महायुद्ध बरोबर घेऊनच. त्यात म्हणे एक गुरुत्वगोळा असतो. शत्रूंच्या घोळक्यात फेकला, की आसपासचे सगळे त्याच्याकडे खेचले जातात, हवेत लटकतात; मग त्यांना सावकाश टिपायचं. "आबा, ह्यानं फिजिक्स कळतं," नातू म्हणाला. त्याच्या बापानेही मान हलवली. ती मान हलली नसती, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

मी पडलो जुना विज्ञानमास्तर. पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. एक मीटरवरच्या माणसाला पृथ्वीइतक्या जोराने खेचायचं, तर त्या गोळ्यात सुमारे १५ कोटी टन वस्तुमान हवं! आमच्याकडे ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं उचलायला गडी मिळत नाही, आणि हा पठ्ठ्या गोळा खिशातून काढून फेकतो. न्यूटनने १६८७ साली छापून सांगितलं, की ओढ हवी तर वजन बाळगावं लागतं. करमणूक म्हणून खेळा, हरकत नाही. आम्हीही 'चांदोबा'तल्या राक्षसांवरच वाढलो. पण राक्षसाला कोणी फिजिक्स म्हणत नव्हतं.

फिजिक्स शिकायचं तर शेतात चला. ज्वारी हुरड्यात आली, की पाखरांचे थवे उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. चिमूट सोडली, की गुंडा स्पर्शिकेच्या दिशेने सुटतो. मी २० वर्षं फळ्यावर स्पर्शिका काढली. पोरांना कळली ती माळ्यावर. क्षणाचा उशीर झाला, की गुंडा शेजाऱ्याच्या बैलाकडे. तिथे तीन 'लाइफ' नसतात, शेजारी असतो.

नातवाला माळ्यावर चढवलं. पहिला गुंडा मागे जाऊन पाण्याच्या घागरीवर बसला. "लेकराला रागावू नका, गुर्जी," गडी म्हणाला, "आमचंबी असंच झालतं." पाचव्या गुंड्याला थवा भुर्रकन उठला. एकही पाखरू मेलं नाही. नातू हिरमुसला, "आबा, पॉइंट किती मिळाले?" संध्याकाळी हुरड्याची मूठ त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "हे घे, मोज."

हसण्यावारी नेऊ नका. राखणीला माणूस मिळेना, म्हणून ज्वारी सोडून हरभऱ्याकडे वळलेले शेतकरी मी पाहतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखं वाण दिलं. पण वाण काही स्वतः पाखरं हाकत नाही. त्याला माळ्यावर पोरगं लागतं. आणि पोरगं कुठे आहे? खोलीत.

म्हणजे गुरुत्वगोळा खोटा नाही म्हणायचा. आसपासची सगळी पोरं त्याने एका जागी खेचली आहेत आणि हवेत लटकत ठेवली आहेत. तेही वस्तुमान जवळजवळ शून्य असताना! ह्याचं उत्तर न्यूटनकडे नाही. ते बापांनीच द्यायचं आहे, नुसती मान न हलवता.